लोटनअप्पांची हजेरी

मागच्या महिन्यात आमच्या शाळेत दहावीच्या पालकांची सभा होती. चिठ्ठ्या गेल्या, व्हॉट्सॲपवर निरोप गेले, मोठ्या सरांनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्डिंग करून पाठवलं. साठ खुर्च्या मांडल्या आणि पालक आले अकरा. त्यातले एक आजोबा रेशनकार्डाचं काम इथेच होतं असं समजून आले होते, त्यांनाही आम्ही चहा पाजून बसवून घेतलं. सभा संपल्यावर सर कपाळाला हात लावून म्हणाले, या पालकांना शाळेपर्यंत आणायचं तरी कसं. मी खुर्च्या उचलायला लागले. मनात म्हटलं, सर, तुम्ही इथे नवीन आहात. एका पालकाने शाळेत येऊ नये म्हणून याच ऑफिसात मी भांडले होते, हे तुम्हाला कुठून माहीत असणार.

त्या पालकाचं नाव लोटन राजधर पाटील. सुरतेतल्या लिंबायत भागात, त्यांच्या गल्लीत, लहानथोर सगळे त्यांना लोटनअप्पा म्हणत. मूळचे अमळनेरकडचे, मिसरूड फुटायच्या आधी सुरतेला आलेले आणि तेव्हापासून यंत्रमागावर. इथे यंत्रमागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रातपाळी, बारा-बारा तास. सात वाजता एकाने निघायचं आणि दुसऱ्याने शिरायचं, असा तो संसार.

मी पण इथलीच. वडील रेल्वेत होते, घराणं अकोल्याकडचं, जन्म माझा उधन्याचा. मराठी माध्यमाच्या या शाळेत नववी-दहावीला गणित आणि विज्ञान शिकवते. स्वभावाने तापट आहे, हेही आधीच सांगून ठेवते. शिकवताना वर्गाच्या दारात कुणी येऊन उभं राहिलं की माझा पारा चढतो. लोटनअप्पा दारात येत नसत. ते खिडकीत येत.

पहिल्यांदा आले तेव्हा नववी सुरू होऊन आठवडा झाला असेल. सकाळची शाळा, पहिलाच तास. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होते, तर पाठीमागून असा आवाज आला की हातातला खडू मोडला.

‘मन्ही निकिता शे का?’

वळून बघते तो खिडकीच्या गजांना धरून एक किडकिडीत माणूस उभा. भुवयांवर कापसासारखे धाग्यांचे कण, डोळे जागरणाने लाल. मला वाटलं, घरात काहीतरी वाईट घडलंय. मी घाईघाईने निकिताला उठवलं, दप्तर घे म्हटलं. तर ते म्हणाले, नाही नाही, राहू द्या, शे एवढंच बघायचं होतं. चालू द्या. आणि गेले. निकिता उभीच्या उभी लाल झाली होती. वर्ग खो-खो हसत होता. मन्ही म्हणजे माझी, शे म्हणजे आहे. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची घरची बोली अहिराणी, तेव्हा अर्थ कुणाला सांगावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी परत. रातपाळीचे पंधरा दिवस हा माणूस सातला खात्यातून सुटायचा आणि घरी जायच्या आधी माझ्या खिडकीत यायचा. मग दिवसपाळी लागली की पंधरा दिवस शांतता. मी सुटकेचा निःश्वास सोडावा, तोवर पुन्हा खिडकीत ‘शे का?’ महिन्याभरात पोरांना त्याची इतकी सवय झाली की मी तोंड उघडायच्या आधी सगळा वर्ग एका सुरात ‘शे’ म्हणायचा. लोटनअप्पांना त्याचं काही वाटायचं नाही. ते सगळ्यांना मिळून एक नमस्कार करायचे.

आवाजाचं म्हणाल तर त्यात त्यांचा दोष नव्हता. वीस-पंचवीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस. कान निम्मे गेलेले, आपण किती मोठ्याने बोलतो हे त्याला कळणार कसं. आणि चालायचे तिरके. खात्यात दोन मागांच्या मधे जेमतेम माणूस जाईल एवढी वाट असते, तिथे अंग आडवं करूनच सरकावं लागतं. ती सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की आमच्या बैलगाडी जाईल एवढ्या रुंद व्हरांड्यातूनही ते भिंतीला धरून, एक खांदा पुढे काढून चालायचे. शर्टाच्या खिशात दोरीला बांधलेली एक बोटभर कातर असायची. कुणाच्या कपड्याचा धागा लोंबताना दिसला की या गृहस्थाचा हात राहायचा नाही. पहिल्या भेटीत मी त्यांना फैलावर घ्यायला ऑफिसात बोलावलं, तर माझं बोलणं चालू असताना हे वाकले आणि माझ्या पदराचा सुटलेला धागा कचकन कापून टाकला. म्हणाले, आता ओढला असता तर सगळी किनार उसवली असती. मी काय बोलत होते तेच विसरले.

तरी भांडले मी त्या दिवशी. म्हटलं, लोटनअप्पा, तीन महिन्यांनी पालकसभा असते, तेव्हा या, सगळी माहिती देते. रोज वर्ग मोडू नका. तेव्हा त्यांनी मोठ्या मुलाची गोष्ट सांगितली. अगदी सरळ सांगितली, डोळ्यांत पाणीबिणी काही नाही. थोरला नववीत असताना रोज दप्तर घेऊन घरून निघायचा आणि साडीवर भरतकाम करणाऱ्या कारखान्यात जाऊन बसायचा. सात महिने. आई घरात साड्यांवर खडे चिकटवत बसलेली, तिला वाटायचं पोरगं शाळेत. बाप रातपाळीत असला की दिवसा झोपलेला, दिवसपाळीत असला की खात्यात. शाळेकडून एक चिठ्ठी आली होती म्हणे, ती त्यानेच घेतली आणि त्यानेच फाडली. कळलं तेव्हा वर्ष संपलं होतं. आता तो सुरतेबाहेर सचिन नावाच्या गावी एका डाइंगच्या, म्हणजे कापड रंगवायच्या युनिटमध्ये आहे, कमावतो, बापाशी नीट वागतो. पण शाळा गेली ती गेलीच.

‘तुमची मीटिंग तीन महिन्यांनी, बाई,’ लोटनअप्पा म्हणाले, ‘पोरगं सुटायला एक दिवस पुरतो. माझ्या दोन पाळ्यांच्या मधून एक गेलं. ही नाही जाऊ द्यायची.’

मी त्यांना निरोप दिला. मोठ्या सरांकडे तक्रार केली, तर ते, म्हणजे तेव्हाचे मोठे सर, मलाच म्हणाले की अहो बाई, पालक येत नाहीत म्हणून तुम्हीच ओरडता ना. मी धुसफुसत वर्गात परतले. त्यानंतर लोटनअप्पा खिडकीत दिसले की मी शेजारच्या वर्गातल्या बाईंकडे बघून ओठातल्या ओठात ‘आला बघा छळवाद’ म्हणायचे. तेवढाच माझा राग निघायचा.

पण माणूस कामाचा होता, हे मला कबूल करावं लागलं. खात्यात एकेका कामगाराच्या ताब्यात दहा-बारा माग असतात. हजारो तारा, म्हणजे धागे, एकाच वेळी चालू, त्यातली एखादी तुटली तर लांबून दिसायला हवी. त्या डोळ्यांनी ते माझा वर्ग बघायचे. एक दिवस निकिता शे म्हटल्यावरही ते हलले नाहीत. वर्गावरून नुसती नजर फिरवली आणि म्हणाले, खिडकीकडच्या रांगेत तिसऱ्या बाकावरचा पोरगा चार दिवस नाही, आजारी आहे का? मला पत्ता नव्हता. हजेरी मी घेतली होती, गैरहजरचा गै मांडला होता, पण चार दिवस झाले हे माझ्या डोक्यात नव्हतं. लोटनअप्पा जाता जाता त्या पोराच्या घरी गेले. त्याचे वडील त्यांच्याच खात्यातले, दुसऱ्या पाळीला. पोरगा दुसऱ्या दिवशी मान खाली घालून हजर. मी त्यांना विचारलं, तुम्ही एवढं काय सांगितलंत त्याच्या घरी? तर म्हणाले, काही नाही, तार तुटली की तेव्हाच गाठ मारायची, मग कापडात रेघ उमटत नाही. असं ते वर्षभरात तीन-चार घरी गेले असतील. माझ्या वर्गाची हजेरी सुधारली आणि त्याबद्दल मोठ्या सरांनी शाबासकी मला दिली. मी ती घेतली सुद्धा.

श्रावणात आमच्याकडे कानबाई असते. खानदेशातल्या लोकांची ही देवी, भावकी सगळी एका घरात जमते, नैवेद्याचा रोट होतो, तो घरच्याच माणसांनी खायचा, बाहेर कुणाला द्यायचा नाही. त्यासाठी सुरतेतली घरंच्या घरं गावी जातात आणि आठ-आठ दिवस परत येत नाहीत. दरवर्षी त्या आठवड्यात माझा वर्ग ओस. लोटनअप्पांनी त्या वर्षी काय केलं, तर भावकीतल्या थोरांना पटवून कानबाई सुरतेतच, आपल्या दोन खोल्यांत बसवली. म्हणाले, रविवारी बसवू, सोमवारी विसर्जन करू, मंगळवारी पोरं शाळेत. गावाकडची म्हातारी माणसं पहिल्यांदाच कानबाईसाठी उलटी सुरतेला आली. थोडी कुरकुर झाली म्हणे, पण आली.

मला जेवायला बोलावलं होतं. रोट नाही, पण पुरणपोळी, खीर, डांगराची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. नथ घातलेली, फुलांनी मढवलेली देवी चौरंगावर, गल्लीत मांडव, आणि मांडवात लावलेल्या स्पीकरचा असा दणका की शेजारी बसलेल्या बाईचं बोलणं मला कळेना. निकिताची आई वाढताना माझ्या कानाशी येऊन म्हणाली की ह्यांना देवळात चला म्हटलं तर वेळ नसतो, तुमच्या शाळेत मात्र रोज जातात. आणि तेवढ्यात मी बघितलं, मांडवाच्या या टोकाला लोटनअप्पा, त्या टोकाला त्यांच्या खात्यातला एक माणूस, आणि दोघं आरामात गप्पा मारतायत. आवाज नाही. नुसते ओठ हलतायत, मधून हाताची खूण. एक हसला, दुसरा हसला.

मी घास हातात धरून बसले. मग त्यांना जवळ बोलावून विचारलं. ते म्हणाले, खात्यात कान चालत नाहीत बाई, तिथे ओठ बघूनच बोलायचं, सगळ्यांना येतं ते. मग अगदी अदबीने म्हणाले, ‘तुम्ही त्या दुसऱ्या बाईंना ‘आला छळवाद’ म्हणता, ते मला पहिल्या आठवड्यापासून माहीत शे.’

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. ते मात्र मनापासून हसत होते. त्यांनी मला आणखी एक पोळी वाढायला लावली, वर तूप. त्या दिवसापासून ते खिडकीत दिसले की मी ओठ अगदी मिटून घ्यायला लागले, आणि खरं सांगते, त्यांच्यावरचा माझा राग तिथेच संपला.

निकिता दहावीत गेली. मी पण तिच्याबरोबर दहावीला आले, म्हणजे वर्गशिक्षिका म्हणून. जून-जुलैत तिचे खाडे व्हायला लागले. दोन दिवस नाही, तीन दिवस नाही. आली की आईच्या सहीची चिठ्ठी, पोटात दुखत होतं, ताप होता. मी चिठ्ठी घ्यायची आणि ठेवून द्यायची. इथे माझी चूक झाली. ज्या पोरीचा बाप खिडकीत उभा राहून हजेरी घेतो, तिची काळजी मी कशाला करू, असं मला वाटायचं. बाकीच्या चाळीस जणांचे बाप कुठे यायचे? माझं सगळं लक्ष त्यांच्याकडे. लोटनअप्पा यायचे, आज शे का विचारायचे. आज ती असायची. काल होती का, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही.

गणपती गेल्यावर हजेरीची बेरीज करायला बसले आणि परत पहिल्यापासून मोजलं. निकिता कितीतरी दिवस गैरहजर. मोठ्या सरांना दाखवलं तर ते म्हणाले की हजेरी भरत नसेल तर बोर्डाच्या फॉर्मवर मी सही करणार नाही, मग तिचा बाप खिडकीत येवो की छपरावर चढो. फॉर्म दिवाळीनंतर. म्हणजे तिचं वर्ष जाणार. आणि आमच्या वस्तीत मुलीचं दहावीचं वर्ष गेलं की तिला परत शाळेत कोण पाठवतं? आईच्या शेजारी खडे चिकटवायला बसवतात आणि दोन वर्षांत स्थळं बघतात. निकिताच्या मामाने तर एकदा विषय काढलाही होता, हे मला कानबाईच्या जेवणातच कळलं होतं.

खात्यात फोन करून उपयोग नसतो, ऐकूच येत नाही. मी आईकडे निरोप ठेवला. लोटनअप्पा दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला आले, दिवसपाळी चालू असताना, दुसऱ्याला आपल्या मागांवर उभं करून. मी त्यांच्यासमोर हजेरीपट उघडला. त्यांना वाचायला जेमतेम येतं, पण निकिताच्या ओळीवरून त्यांनी बोट फिरवायला सुरुवात केली आणि मी काही सांगायच्या आत त्यांचं बोट थांबलं.

‘ही माझी दिवसपाळी,’ ते म्हणाले. मग पुढे सरकून, ‘ही पण. ही पण.’

मी नीट बघितलं तर खरंच. ते रातपाळीला असले, म्हणजे सकाळी खिडकीत येऊ शकत असले, की ही पोरगी रोज हजर. ते दिवसपाळीला लागले की हिचे खाडे सुरू. चार महिने माझ्या डोळ्यांसमोर हा पट होता आणि मला ते दिसलं नव्हतं. चिठ्ठ्या तिनेच लिहिलेल्या, हे मागाहून कळलं. दिवस काढायची डिंडोलीला एका मैत्रिणीकडे, तिचे आईवडील दोघंही कामाला.

मला भीती वाटत होती की आता हा माणूस घरी जाऊन पोरीला झोडपून काढणार. ते तर हजेरीपटावरून बोट उचलायलाच तयार नव्हते. मग म्हणाले की निकिता त्यांना शाळेत काका म्हणते, हे त्यांना ठाऊक होतं. मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. जुलैत एकदा ते फाटकाशी होते आणि ती मैदानाच्या पलीकडे एका नव्या मुलीबरोबर. त्या मुलीने विचारलं, कोण गं ते? ही म्हणाली, माझे पप्पा नाहीत, आमच्या गल्लीतले काका आहेत, डोकं जरा फिरलेलं आहे. एवढ्या लांबून बापाला ऐकू जाणार नाही, या भरवशावर बोलली बिचारी. घरी बाप कान पुढे करून ऐकतो, तेच ती रोज बघायची. खात्यातला बाप तिने कधी बघितलाच नव्हता.

‘तरी तुम्ही येत राहिलात?’ मी विचारलं.

ते म्हणाले, काका म्हणू दे नाहीतर कुणी म्हणू दे, बाकावर बसलेली होती ना, मला तेवढं पुरे होतं. हे बोलले आणि परत हजेरीपटाकडे बघत बसले. मग म्हणाले, ‘बाई, मीच पळवलं का तिला? यायचं बंद करू का?’

दीड वर्ष मी ज्याची वाट बघत होते ते त्यांच्या तोंडून आलं, आणि माझ्याच्याने हो म्हणवेना. इतकी वर्षं दर सभेत मी पालकांना सांगत आले की मुलांकडे लक्ष द्या. लक्ष द्यायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे मलाच कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ते मला नका विचारू, तिला विचारा. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की ही गोष्ट त्यांच्या मनातच आली नव्हती.

निकिताला बोलावलं. हजेरीपट उघडा बघून तिचा चेहरा पांढरा पडला. लोटनअप्पांनी आवाज खाली आणायचा प्रयत्न केला, इतका खाली की मलाही पुढे वाकावं लागलं. त्यांनी विचारलं की मी येतो त्याचा तुला त्रास होतो का. झालं, पोरीचा बांधच फुटला. रस्त्यात पोरं ‘शे का, शे का’ करून चिडवतात, मोबाइलवर पण तेच नाव टाकतात, बाजारात आईबरोबर गेलं तरी मागून आवाज येतो, तुम्ही रातपाळीला असला की यावंच लागतं, मग बाकीचे दिवस तरी नको वाटतं. रडत रडत सगळं बोलली. शेवटी मात्र डोळे पुसून बापाकडे सरळ बघितलं.

‘तुम्ही खिडकीतून बघता आणि जाता, पप्पा. मी आहे, एवढंच पाहिजे तुम्हाला. मी तिथे काय करते, ते कधी विचारलंत?’

‘माले काय समजी त्यातलं?’ ते म्हणाले.

‘नाही समजलं तरी विचारा ना.’

मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझेही डोळे भरून आले होते, आणि मला विद्यार्थ्यांसमोर रडायला आवडत नाही.

तिथेच ठरलं. ते शाळेत येणार नाहीत. ती एकही दिवस चुकवणार नाही. आणि रोज संध्याकाळी, रातपाळी असेल तर ते निघायच्या आधी, दिवसपाळी असेल तर ते आल्यावर, दिवसभरात शाळेत काय शिकवलं ते तिने त्यांना सांगायचं. सगळे विषय. मोठ्या सरांना मी गळ घातली, ते म्हणाले, फॉर्मपर्यंत एक खाडा झाला तरी माझ्याकडे येऊ नका.

पहिले काही दिवस खिडकी रिकामी बघून वर्गालाच चुकल्यासारखं वाटलं. मलाही वाटलं, उगाच कशाला लपवू. आणि मग सुरू झाले प्रश्न. एक दिवस तासाला निकिता उभी राहिली, थोडी लाजत, आणि म्हणाली, ‘बाई, पप्पांनी विचारलंय.’ शून्याने भागता येत नाही तर पुस्तकवाले त्याचं नाव तरी का काढतात? मी उत्तर दिलं. दोन दिवसांनी दुसरा. मागाची मोटर तापते, ती उष्णता रात्रभर जाते कुठे? मग, तारेवर बसलेल्या कावळ्याला शॉक का बसत नाही, आणि बसत नसेल तर आम्हाला का बसतो? सुरुवातीला पोरं हसली, पण हसता हसता कान टवकारायला लागली. पोरांना मजा यायची ती मला अडकलेली बघायची. आरशात डावं-उजवं होतं मग डोकं खाली आणि पाय वर का होत नाहीत, हा प्रश्न आला त्या दिवशी मी उद्या सांगते म्हणून वेळ मारून नेली आणि घरी जाऊन पुस्तकं उलटीपालटी केली. चौथीतून शाळा सोडलेला माणूस मला अभ्यासाला बसवत होता. दुसऱ्या दिवशी माझं उत्तर ऐकायला वर्गातला एकही जण गैरहजर नव्हता, निकिता तर नव्हतीच. ती गैरहजर राहणार कशी? घरी बाप विचारायला बसलेला, आणि ती गेली नाही तर सांगणार काय.

निकिताच्या आईने मला बाजारात गाठून सांगितलं की ह्यांना काही कळत नाही असं वाटायचं, पण आता हे मधेच थांबवतात, म्हणतात, हे काल तू वेगळं सांगितलं होतं. मग ती चिडते, पुस्तक काढते, दोघांची जुंपते. मी म्हटलं, जुंपू दे. दिवाळीनंतर मोठ्या सरांनी हजेरी दोनदा मोजली, ती अगदी काठावर भरली, आणि त्यांनी फॉर्मवर सही केली. मी त्यांच्यासमोरच पेढ्याचा पुडा उघडला.

बोर्डाचा पहिला पेपर होता त्या दिवशी मी मुलांना सोडायला कतारगामच्या केंद्रावर गेले होते. फाटकापाशी पालकांची ही गर्दी. कुणी दहीसाखर घेऊन आलंय, कुणी कपाळाला टिळा लावतंय, कुणी भिंतीवरून आत डोकावतंय. मी लोटनअप्पांना शोधत होते. कुठेच दिसेनात. मला खरंच राग आला, म्हटलं, दीड वर्ष नको तेव्हा खिडकीत उभा राहिला आणि आज हा माणूस नाही. तेवढ्यात निकिता आली, एकटी, रिक्षातून उतरून. विचारलं तर म्हणाली की पप्पा खात्यात आहेत, मीच सांगितलं येऊ नका, संध्याकाळी पेपर सांगेन. ती घाबरलेली अजिबात नव्हती. मला नमस्कार करून आत गेली.

परीक्षेनंतर ते सगळे सचिनला थोरल्याजवळ राहायला गेले. निकिता पास झाली, तिकडेच अकरावीला आहे. लोटनअप्पांची माझी परत भेट नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी, पहिल्या पेपराच्या संध्याकाळी. दिवेलागणीची वेळ, मी भाजी घेऊन परतत होते आणि खाती सुटली होती. घोळक्यातून लोटनअप्पा येताना दिसले, केसांत धागे तसेच. मी थांबवलं. म्हटलं, लोटनअप्पा, पोरीचा पेपर छान गेला म्हणे, चला, इथे कोपऱ्यावर चहा घेऊ.

ते थांबले, पण पाय निघायच्या तयारीत. म्हणाले, ‘नको बाई. सव्वासातच्या पुढे गेलो तर ती कॅलेंडरवर माझा गै मांडते. या महिन्यात दोन झाले माझे.’

मी म्हटलं, आजचा एक दिवस चालेल हो, आज तर पेपर झालाय. त्यांनी मान हलवली, मला नमस्कार केला आणि निघाले. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत ते जवळजवळ पळत होते.